आईच्या नावाची चाल

वेंडेल,

सहा वर्षं आपण दोघा भावांनी आपल्या शाळेचे संघ घडवण्यात घासली. सातवीच्या पोरापासून बारावीच्या मुख्य संघापर्यंत एकच अमेरिकन फुटबॉल, त्याच खुणा, तेच शब्द. "दादा, पोरगं वरच्या वर्गात गेलं तरी भाषा बदलायला नको," हे तुझंच म्हणणं. डावीकडून मुसंडी मारायच्या चालीला आईचं नाव द्यायचं, आर्डिस, हेही तुझंच.

मग तू नदीपलीकडच्या शाळेचा मुख्य प्रशिक्षक झालास. झालास तर झालास. मी आईला म्हटलं, "कुठेही गेला तरी आपलाच आहे."

शुक्रवारी तुमच्याविरुद्धच्या सामन्यात आमच्या पोराने "आर्डिस!" अशी हाळी दिली आणि चेंडू हलायच्या आत तुझी अकराच्या अकरा पोरं डावीकडे बोट दाखवून ओरडली, "आर्डिस! आर्डिस!" चार वेळा. एक पाऊल पुढे सरकू दिलं नाहीस. ऐन सामन्यात शब्द बदलावा, तर सातवीपासून दुसरा शब्द आमच्या पोरांच्या कानावर पडलाय कुठे? सगळ्यांची भाषा एक केली होती ना आपण!

हरण्याचं मला काही नाही रे. पण आई पहिल्या रांगेत घोंगडी पांघरून बसली होती. तिने विचारलं, "ती पलीकडची पोरं मला का हाका मारतायत?"

मी म्हणालो, "वेंडेलने शिकवलंय त्यांना."

ती कठड्याला धरून उभी राहिली आणि तुझ्या पोरांना कितीतरी वेळ हात हलवत राहिली.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. टाकलं, तर तू तिला खरं सांगून मोकळा होशील.

तुझा, म्हणजे तेव्हाचा, दादा
रोलंड