दुकानाचा गाळा आणि शिवूचे बोलणे

मी, दाक्षायणी नागप्पा बिराजदार, वय एकाहत्तर, राहणार सोलापूर, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे, तर पूर्ण शुद्धीत आणि तितक्याच रागात लिहून ठेवते. म्हातारीचे डोके फिरले होते, असे माझे दीर बसप्पा कोर्टात म्हणतीलच. म्हणून माझे चित्त ठिकाणावर असल्याचा दाखला मनोविकारतज्ज्ञ डॉ. राजेश्वरी यांच्याकडूनच मुद्दाम घेतला असून तो सोबत जोडला आहे.

१. राहते घर यजमानांनी स्वतःच्या कमाईतून बांधून माझ्या नावावर केले. ते आणि बँकेतील ठेवी माझा एकुलता एक मुलगा शिवू यास मिळाव्यात. शिवू औषध घेतो, रोज कारखान्यात जाऊन टॉवेलच्या घड्या घालतो, स्वतःचे कमावून खातो. तरी ‘त्याला पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन कायमचा ठेवू’ असे बसप्पा भावकीत सांगत फिरतात. त्यांना पुतण्याची काळजी नाही, घर हवे आहे. माझ्यामागे शिवूला या घरातून कोणी हलवू नये, यासाठीच हा सारा खटाटोप आहे.

२. बसप्पांचा हिशेब इथे लिहून ठेवते. शिवूला त्रास सुरू झाला तेव्हा त्याच्या तोंडून मराठी येईनाशी झाली, उरले ते घरचे कन्नड. डॉक्टर परगावचे, त्यांना कन्नड कळेना. बायकांचे आत काय काम, म्हणून मला बाकावर बसवून बसप्पा मधे बोलायला गेले. शिवू सांगत होता की भिंतीतून माणसे बोलतात, मर म्हणतात. बसप्पांनी डॉक्टरांना सांगितले, “झोप न्हाय ओ त्येला. उन्हाचा तरास हाय, बाकी काय न्हाय.” शिवूने हे मला बरा झाल्यावर सांगितले. मी जाब विचारला, तर म्हणाले, “वैनी, पोरीची सोयरीक चालली हुती की मोहोळात. घरात असलं काय हाय म्हणून कसं सांगायचं?”

बसप्पांच्या पोरीचे लग्न झाले, ती सुखात आहे, तिच्यावर माझा राग नाही. माझा मुलगा मात्र कित्येक वर्षे झोपेच्या गोळ्यांवर पडून राहिला. राजेश्वरीबाईंनी सगळ्यांना बाहेर काढून त्याला कन्नडमध्ये विचारले, तेव्हा कुठे योग्य औषध सुरू झाले.

३. सबब आमच्या कापड दुकानाचा, माझ्या नावावरचा गाळा राजेश्वरीबाईंच्या संस्थेस मनोविकारांच्या दवाखान्यासाठी देते. अक्कलकोटकडून एसटीने येणाऱ्यांना आणि फी न परवडणाऱ्या कारखान्यातल्या बायकांना तो उघडा असावा. कन्नड, तेलुगू, दखनी बोलणारी माणसे पगार देऊन ठेवावीत. नातेवाइकाने पेशंटच्या वतीने आत बोलायचे नाही. चारचौघांत दिसायला नको म्हणून पेशंट मागच्या दाराने न्यावेत, असे बसप्पांनी सुचवले होते. ते दार मी विटा लावून बुजवले आहे. पाटी रस्त्यावर, बसप्पांच्या गॅलरीसमोर, मोठ्या अक्षरांत लावावी.

४. बसप्पांस दुकानातला लोखंडी गज द्यावा. कापड मोजताना तो आखूड धरण्यात त्यांचा हात बसलेला आहे. याखेरीज काही देऊ नये, आणि त्यांनी घराच्या वा गाळ्याच्या उंबऱ्यात पाय ठेवू नये.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शिवूने करावी.

हे सगळे मी त्याला कन्नडमध्ये वाचून दाखवले. चौथ्या कलमाला त्याने मला थांबवले. म्हणाला, “अव्वा, काकाच असा आजारी पडला तर?”

मला खूप राग आला. मी उठून चहा टाकला, तो पिऊन झाला, आणि मग हे लिहिले.

६. तसे झाल्यास कलम चारमधील मनाई लागू नाही. बसप्पांनी यावे, रांगेत बसावे, आत एकट्याने जावे आणि आपले दुखणे आपल्या तोंडाने सांगावे. बाहेर शिवूने त्यांच्यासाठी थांबावे.

हा मजकूर मला मान्य असून दोन्ही साक्षीदारांदेखत सही करते.

दाक्षायणी नागप्पा बिराजदार

साक्षीदार: मीनाबाई रावसाहेब कांबळे, शेजारी
साक्षीदार: मंजुनाथ विरेश हत्तुरे, औषध दुकानदार

सोलापूर, ४ फेब्रुवारी २०२५