माझ्यासारखं पडणारं बदक

३ मार्च १९३०, ब्रुकलिन

ते बदक माझ्यासारखं पडतं.

हल्ली आमच्या थिएटरात दोन खेळांच्या मध्ये पडद्यावर कार्टून दाखवतात. आज नवीन होतं – त्यातही थिएटरच. डुकरं बँड वाजवतात, स्टेजवर एक बदक येतं. मागून कुणीतरी खुर्ची ओढतं, तरी ते हवेतच बसतं. पायावर पाय टाकतं, टोपी सरळ करतं. मग खाली बघतं – आणि धप्प!

हे माझं आहे. लग्नाआधीपासून. नवरा, बेर्ल, मागून खुर्ची ओढतो, मी पडते. याच्यावरच आमचं पोट. असं हवेत बसायला मांड्यांत लोखंड लागतं. बदकाला काय लागतं? शाई.

नंतर आम्ही स्टेजवर गेलो तर वरच्या बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं, "बाई बदकाची नक्कल करतेय!" त्यालाच जास्त हशा मिळाला.

४ मार्च

बेर्लला विचारलं, "पाहिलंस ना?"

"मिंडल, पडायला काय, सगळेच पडतात," म्हणाला आणि चहात लिंबू पिळत बसला. ना राग, ना आश्चर्य. आमचा एक विनोद उचलला म्हणून याने एका विदूषकाची कॉलर फाडली होती. नवरा माझाच आहे, मी ओळखते त्याला.

६ मार्च

कुत्र्यांचे खेळ करते ती ओपल म्हणाली, "समोर बसून कुणीही चित्र काढून नेईल गं."

नेईल. पण पायावर पाय टाकण्याआधी मी डावी टाच किंचित उचलते. समोरून ती घागऱ्यात झाकलेली. बदकाने बरोब्बर उचलली. टाच दिसते फक्त मागे उभं असणाऱ्याला.

मागे कोण उभं असतं?

७ मार्च

बेर्ल सकाळी दात दाखवायला गेला. आला तो तोंडाला कांद्याचा वास. दाढ ठणकत असताना कांदा-पाव?

१० मार्च

"बाई असेल," ओपल म्हणते. बाई असती तर बरं झालं असतं. बाईशी भांडता येतं.

११ मार्च

त्याच्या मागोमाग गेले. ट्रामने पुलापलीकडे, एका जुन्या इमारतीत वर. दार उघडंच. काचेच्या टेबलांखाली दिवे, वर त्याच बदकाची चित्रं, वाकलेली पोरं-बाप्ये. मधोमध माझा बेर्ल! डोक्यावर माझी जुनी टोपी. कुणीतरी खुर्ची ओढली आणि तो माझं पडणं पडला.

एक किडकिडीत चित्रकार म्हणाला, "पुढच्या पिक्चरसाठी परत एकदा, सावकाश."

"थांबा," बेर्ल धापा टाकत म्हणाला, "इथे ती श्वास घेते. तो चित्रात आणला नाहीत तर तिचं पडणं खोटं वाटेल."

मी कशी पडते ते मला पहिल्यांदाच दिसलं. म्हणूनच जास्त पेटले.

"कुणाला विचारून दिलंस हे?"

तो टोपी काढून हातात धरून उभा. "मिंडल, ते कुठेतरी राहायला हवं होतं."

"माझ्या अंगात आहे की!"

मी ओपलकडे निघून आले. इथे कुत्री माझ्या पायाशी झोपतात.

१४ मार्च

मॅनेजर ग्रिमशॉने बोलावलं. "बाई, वाईट वाटून घेऊ नका. पण लोकांना बदकच पुरतंय. पुढच्या आठवड्यापासून तुम्हाला सुट्टी."

बेर्ल बाजूलाच उभा होता. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

१६ मार्च

आज बेर्ल ओपलच्या दारात येऊन उभा राहिला. "भांडण नंतर कर. आधी माझ्याबरोबर चल." डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. उजवा डोळा गेल्या हिवाळ्यातच गेलाय. डावाही चाललाय, उपाय नाही.

"मग खुर्ची कशी ओढायचास?"

"तुझ्या बुटांच्या आवाजावर."

परतीच्या ट्राममध्ये म्हणाला, "मला खुर्ची ओढता आली नसती त्या दिवशी तुझं पडणंही संपलं असतं." मग हळूच विचारलं, "त्या कार्टूनमध्ये तू नीट उतरलीयस ना? मला काही दिसलं नाही."