ग्रहणातली विळी

लाखांदूर,
२२ फेब्रुवारी २०२६

प्रिय तृप्ती,

तू फोन ठेवलास तेव्हा मी मेथी निवडत होते. नंतरही निवडतच राहिले. रडू आलं नाही, रागही नाही. आठवडा झाला, तसंच आहे. माईक बंद पडला तरी मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू जाणारी तुझी आई, तिला एक शब्द सुचला नाही. म्हणून लिहिते आहे.

इकडचं सांगते. दुर्बिणीचा स्टँड डुगडुगत होता, धम्मदीपने वेल्डिंग करून आणला. परवा एका शाळेत आकाशदर्शन झालं. पोरांनी गुरूचे चंद्र पाहिले. एकीने विचारलं, मॅडम, तिकडं पण ग्रहण लागते का? एरवी अशा प्रश्नावर मी अर्धा तास बोलले असते. लागतं, म्हणाले आणि पुढच्या मुलीला बोलावलं. टाळ्या झाल्या. बोलत होतं ते माझं तोंड. मी कुठेतरी मागे, खुर्च्या उचलणाऱ्यांत उभी होते.

पंचाण्णवच्या दिवाळीत सूर्यग्रहण होतं. तू पोटात, सहावा महिना. गरोदर बाईने ग्रहणात काही चिरलं तर लेकराचा ओठ फाटतो, असं सगळं गाव म्हणायचं. मी भर चौकात विळी मांडून वांगी चिरली. जानेवारीत तू आलीस, फाटलेला ओठ घेऊन. गावाला उत्तर मिळालं. तुला चमच्याने दूध पाजताना मी वैद्यकाची पुस्तकं वाचत होते. ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो. दिवाळीच्या कितीतरी आधी तुझं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पण हे ऐकतो कोण? नव्याण्णवला पुन्हा ग्रहण आलं, धम्मदीप पोटात होता. मी पुन्हा विळी मांडली. तो धडधाकट आला.

मग माझ्या हाती असा पुरावा आला की कोणी खोडू शकेना. तुम्हा दोघांना मंचावर दोन बाजूंना उभं करून मी विचारायची, दोघांच्या वेळी हीच विळी, हीच आई, मग ग्रहणानं कोणाचं काय केलं? धम्मदीप लोकांकडे बघून हसायचा. तू स्वेटरची बाही ओठांवर धरायचीस. मला वाटायचं, थंडी आहे.

तो युक्तिवाद आजही कोणी खोडून दाखवावा.

म्हणून जानेवारीत दिघोरीच्या सभेत, बोलण्याच्या भरात, मी जाहीर करून टाकलं. तीन मार्चला चंद्र ग्रहण लागलेलाच उगवेल आणि इथे तलावाच्या पाळीवर माझी गरोदर मुलगी भाजी चिरेल. शिट्ट्या पडल्या. तुला विचारलं नव्हतं. तुला कळलं ते जावयाच्या, अंकुशच्या मोबाइलवर आलेल्या व्हिडिओतून.

तू ओरडली असतीस तर मी भांडले असते. फोनवर तू हळू बोललीस. "आई, काही होत नाही, मले मालूम आहे. तरी मी त्या दिवशी खिडकी लावून घरात बसीन. मागच्या वर्षी एक गेलं माझं. आता मले कोनाचाच पुरावा नाही व्हायचं."

माझ्याजवळ उत्तरं तयार होती. तुझे आजोबा मंगरू छप्पन साली दीक्षा घेऊन आले आणि त्यांनी घरातलं भय घराबाहेर काढलं, हे तुला ऐकवता आलं असतं. सगळी उत्तरं बरोबर होती. मी मेथीची पुढची जुडी ओढली.

काल दिघोरीला जाऊन सांगून आले की तृप्ती येणार नाही. माझ्या सभांना येणारी तिथली शकुनबाई पाळीवरच बसली होती. म्हणाली, "काहून वो मास्तरीन, हिंमत काय लोकायच्याच लेकीसुनायले शिकवता?" मी पिशवी उचलली. बसस्टँडवर आले.

हे पत्र एवढ्यासाठी की तीन तारखेचा कार्यक्रम धम्मदीप करेल. तो माझ्याइतका बोलत नाही, त्यामुळे लोक दुर्बिणीतून जास्त बघतात. मी दुपारीच वरठीला तुझ्याकडे येते. तू खिडकी लाव. फटीत जुनं लुगडं कोंबायचं असेल तर ते मी कोंबेन. तुझं भय खरं आहे, असं मात्र माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. ग्रहण म्हणजे सावली, हे मी मरेपर्यंत सांगेन. पण त्या संध्याकाळी तुला सांगणार नाही. दाराबाहेर खुर्ची टाकून बसेन. शेजारची कोणी म्हणाली की बरं केलं आत बसवली, नाहीतर लेकरू मायसारखं झालं असतं, तर तिचं मी बघेन. तेवढा आवाज शिल्लक आहे. चंद्र कसा दिसला ते तू विचारलंस तर सांगेन.

विळी आणत नाही. मेथी आणते, इथूनच निवडून.

त्या संध्याकाळी कुठल्याच सभेची नसलेली,
तुझीच
आई