मावशींना बाहेर बसवलं तो तास

मॅडम, तुम्ही जाऊन आता बरीच वर्षं झाली. जी गोष्ट तुम्ही असताना सांगायला हवी होती, ती आज लिहिते आहे. कर्वेनगरात तुमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी म्हणजे माझी आई.

हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं, आईलाही ठाऊक होतं. फक्त तुम्हाला नव्हतं. आम्ही वाशीमकडून आलेलो. वडील बांधकामावर होते, ते गेल्यावर आईनं चार घरच्या पोळ्या धरल्या. तुमच्या घरी माझं नाव काढायचं नाही, अशी मी तिला शपथ घातली होती. माझ्या मैत्रिणींचे भाऊ तेव्हा एकेक करून कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांना लागत होते, अमेरिकेला निघाले होते. त्यांच्यात मी ‘वडील कॉन्ट्रॅक्टर होते’ एवढंच सांगून भागवलं होतं.

नगररचनेच्या तासाला तुम्ही तो खेळ घ्यायचात. टेबलं जोडून त्यावर खडूनं रस्ते, ओढा, इमारती काढायच्या आणि चिठ्ठ्या वाटायच्या. कोणी बिल्डर, कोणी जमीन गेलेला गावकरी, कोणी नगरसेवक, कोणी बाहेरून आलेला मजूर. ज्यांनी इमारती बांधल्या त्यांच्या झोपड्या ओढ्याकाठी राहू द्यायच्या की शहराबाहेर घालवायच्या, हे आपसात भांडून ठरवायचं. “नकाशात माणूस दिसत नाही, म्हणून हा उद्योग,” असं तुम्ही म्हणायचात. त्या दिवशी मला सोसायटीच्या सेक्रेटरीची चिठ्ठी आली.

मी उभी राहते आणि बोलत सुटते. “अहो, आज चार पत्रे ठोकतील, उद्या गावाकडून खटलं आणतील. पाणी आमचं, कर आमचा. कामाला यावं, काम झालं की जावं.” वर्ग टाळ्या वाजवतो. वाक्य न् वाक्य आईनं घरी येऊन सांगितलेलं, कामाच्या घरांच्या जिन्यात तिला ऐकवलेलं. तेवढ्यात दार उघडतं आणि तुम्ही आईला घेऊन आत येता. सकाळी पोळ्या झाल्यावर तुम्ही तिला रिक्षात घालून थेट आणलेलं, स्टाफरूममध्ये बसवलेलं; माझं बोलणं संपत आलं तेव्हा तिला आणायला गेला होतात. शहरात जागा कशी मिळवली, हे आम्हाला तिच्या तोंडून ऐकवायचं होतं तुम्हाला. आई मला बघते आणि लगेच नजर खाली वळवते. तिनं शपथ पाळली. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण ती ओळख देईल या भीतीनं मी खेळातल्याच आवाजात म्हणाले, “मावशी, सभासदांची मीटिंग चालू आहे. तुम्ही बाहेर थांबा.”

वर्ग खदखदून हसला. आई निमूट मागे वळली आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसली.

तुम्ही तिला हाताला धरून परत आणलंत, खुर्ची दिलीत. ती म्हणाली, “मले काय सांगता येते बाई.” मग कोणीतरी मुलाबाळांचं विचारलं. “एक पोरगी हाये. शिकते.” कुठे, असं विचारल्यावर म्हणाली, “लय दूर.” तास सुटल्यावर तुम्ही मला थांबवलंत. “इतकं हुबेहूब कसं जमलं तुला? मला भीती वाटली तुझी.” मी म्हणाले, “शेजारी ऐकलंय.”

घरी गेले तर आई कुकर लावत होती. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “तू चांगली बोलली वं. मले तं खरीच सेक्रेटरी वाटली.” तेव्हा तिचे पाय धरायचे, तर मी म्हणाले, “उद्यापासून मॅडमकडे जायचं नाही.” “त्या बाई चांगल्या हायेत पोरी,” एवढंच ती बोलली. दोन दिवसांनी गावाला जाते असं सांगून तिनं तुमचं घर सोडलं. तुम्ही तिला साडी नेसवून पाठवलंत.

पुढच्या वर्षी तुम्ही खेळ बंद केलात. कोणीतरी कारण विचारलं, तर म्हणालात, “आमच्या मावशी त्या तासानंतर शहर सोडून गेल्या. शिकवण्यासाठी माणसाचा तमाशा करू नये, हे मला उशिरा कळलं.” मी पहिल्या बाकावर होते. मावशी तेव्हा तुमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे पोळ्या लाटत होत्या. मी वहीत खाली मान घालून लिहीत राहिले. तो दोष तुम्ही शेवटपर्यंत स्वतःकडे ठेवलात. दवाखान्यात भेटायला आले तेव्हाही तुम्ही विचारलंत, “त्या मावशी बऱ्या असतील ना गं?” मी म्हणाले, “असतील.”

आता मी तोच खेळ शिकवते. लोक कौतुक करतात, परगावची कॉलेजं बोलावतात. तुमचं नाव मी दर वेळी घेते. मॅडमनी मध्येच का सोडला, असं विचारलं की तब्येतीचं कारण सांगते.

आई धायरीच्या फ्लॅटमध्ये माझ्याजवळच असते. मघाशी चहा घेऊन आली आणि विचारलं, “कोणाले लिवतं वं एवढं?” मी कागदावर हात ठेवला आणि म्हणाले, “कॉलेजचं काम आहे.”