उसनी हाक

२ फेब्रुवारी १९८२

तक्रार : माणसाला स्वतःच्या चहावर फुंकर मारता येऊ नये ही बाब अत्यंत गंभीर असून वरिष्ठांनी तिची दखल घ्यावी. आज ओठांचा चंबू करून जोर लावला, तर फुंकर गळ्यातून निघाली. गळ्याला भोक, भोकात धातूची नळी, नळीवर ओलं फडकं. फडकं तेवढं हललं. चहा वाफाळत राहिला.

"थांबा, मी निववते," श्यामला म्हणाली. नवऱ्याच्या चहावर फुंकर घालताना बायकोचा चेहरा इतका घाबरलेला असू शकतो, हे ठाऊक नव्हतं.

पेन्सिल तळव्याला बांधून लिहितोय. बोटं रजेवर. छातीखालचं खातं कायमचं बंद.

४ फेब्रुवारी

हे झालं कसं? गेल्या महिन्यात वाचनालयाच्या वर्धापनदिनी माझं विनोदी भाषण. टाळ्या. नम्रपणे वाकत दोन पावलं मागे सरलो — मागे व्यासपीठ नव्हतं. मान मोडली. पुढच्या रांगेतले म्हणे तरीही हसत होते.

बोलायचं तर नळीवर कुणीतरी बोट ठेवायचं, मग आवाज फुटतो. ते बोट श्यामलाचं. आज डॉक्टरांविषयी माझं मत मांडत होतो. तिनं बोट काढलं. वाक्य जागीच मेलं. साप्ताहिकात इतकी वर्षं लिहिलं, कुणाची कात्री चालू दिली नाही. आता संपादक घरचाच.

७ फेब्रुवारी, रविवार

शेजारच्या खाटेवर मल्हारी, दिंडोरीकडचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडला. डोक्याला वजनं टांगलेली, मानेखाली काही हलत नाही, पण गळा खणखणीत. नळीत कफ दाटला की मला हाक मारता येत नाही. जिभेनं टॉक् करतो, बैल हाकताना करतात तसं. त्यानंच शिकवलं. टॉक् झालं की तो छताकडे बघत ओरडतो, "ओ सिस्टर, सायबाची नळी भरली!"

श्यामलाला बोट ठेवायला लावून विचारलं, "मला बैल समजतोस का रे?"

"बैल बरा सायेब. त्यो एवढी कटकट करत नाय."

त्याची बायको ठमाबाई द्राक्षं तोडायला मजुरीनं जाते. येते ती फक्त रविवारी.

१० फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, नळीला बूच लावून नाकातोंडानं श्वास जमतो का बघू. एक दिवस-रात्र निभावलं तर नळी काढून टाकू. नाही तर नळीसकट घरी.

म्हणजे कफ ओढायचं काम श्यामलाचं. तिला आज शिकवलं. कफ ओढायची रबरी नळी आत घालताना रक्त आलं. व्हरांड्यात जाऊन बसली. परत आली ती खालमानेनं. "मला नाही जमायचं हो. माझ्या हातून काही झालं तर?"

उत्तर होतं. पण तिनं बोट ठेवलं नव्हतं.

१२ फेब्रुवारी

सकाळी बूच लागलं. माझा आवाज! जेवणापर्यंत वॉर्डातल्या प्रत्येकाचा समाचार घेऊन झाला.

दुपारी कफ आला. खोकायला पोट लागतं, माझं पोट ऐकत नाही. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बूच गेलं असतं. श्यामला नळावर गेलेली. डोळ्यांपुढे काळं. जीभसुद्धा हलेना.

मल्हारीला मान वळवता येत नाही. त्याला काय दिसणार? पण ओरडला — "सिस्टर, पळा! सायेब गप झाला!"

बूच उपटलं. वाचलो.

१५ फेब्रुवारी

नर्सनं श्यामलाला नवं तंत्र दाखवलं. मी खोकायला लागलो की तिनं दोन्ही हातांनी माझं पोट वर दाबायचं. हे तिला पहिल्याच फटक्यात जमलं. लग्नापासूनचा राग कामी आला.

१७ फेब्रुवारी

मल्हारीला ताप. छाती भरलीय. आज एकदाही टोमणा नाही.

२० फेब्रुवारी

पुन्हा बूच. श्यामला खाटेला चिकटून बसली आहे. आज बोलायची घाई नाही. श्वास मोजत नाही, फक्त घेतो.

२१ फेब्रुवारी, रविवार

निभावलं. नळी काढली. भोकावर पट्टी. श्यामलाला म्हटलं, "घरी जाऊ." ती रडली, आणि मला थांबवायला तिच्याकडे आता बोट नव्हतं, म्हणून मीच गप्प बसलो.

संध्याकाळी मल्हारीला ऑपरेशनला आत नेलं. ठमाबाई दाराशी उभी.

२२ फेब्रुवारी

त्याला परत आणलं. गळ्यात नळी. ठमाबाईला कामावर जावंच लागलं. "रविवारी येते, सायेब. लक्ष ठिवा."

२४ फेब्रुवारी

टॉक्.

वाटलं, माझंच. मग भानावर आलो आणि ओरडलो. आवाज फाटका निघाला, पण सिस्टर आली. दिवसभरात बऱ्याचदा. इतरांना ते टॉक् कळत नाही.

उद्या मला सुट्टी.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

श्यामलानं सामान बांधलं. डॉक्टर म्हणाले, "काय, निघायचं ना?"

"रात्री दम लागला," मी म्हटलं. "रविवारपर्यंत राहू द्या."

रात्रभर ती शेजारीच होती. तिला ठाऊक आहे मी कसा झोपलो ते. माझ्याकडे बघत राहिली. मग मल्हारीकडे. पिशवी सोडली आणि तांब्या पुन्हा कपाटावर ठेवला.