हिरव्यावरची मुंगी

शनिवार, ४ मे १९७४

गगनबावड्याच्या डोंगरांची जलरंगातली चित्रं पुरी झाली, त्यातलं पहिलं विकलंही गेलं, म्हणून सकाळी पेढे वाटले. आणि आता ही मुंगी.

संध्याकाळी उरलेली चित्रं फ्रेम करायला दस्तगीरकडं नेली. त्यानं दरीचं चित्र उजेडात धरलं. "मास्तर, मुंग्या लागल्यात की ह्याला. गोड काय सांडलं व्हय?"

"न्हाई," म्हणालो. एक मुंगी झटकली, ती फिरून नेमकी हिरव्यावरच आली.

सांडलं नव्हतं, मीच घातलं होतं. या उन्हात रंग बशीतच वाळतो, म्हणून त्यात मधाचा थेंब घालतात. घरात मध नव्हता, गुऱ्हाळावरनं आणलेली काकवी होती. थेंबभर घातली आणि हिरवा रंग असा काही पसरला, की मग प्रत्येक चित्रात घालत गेलो.

विकलेलं चित्र डॉक्टरीणबाईंनी देवघराशेजारी लावलंय. तिथं रोज साखरेचा नैवेद्य. काचेमागं शिरल्या असतील का? उद्या त्यांनी मैत्रिणींना मुद्दाम ते बघायला बोलावलंय. आधीच जाऊन सांगू? मग माझं चित्र या गावात परत कोण घेईल? आणि नाही सांगितलं, तर... ती मुंगी डोळ्यांपुढनं हलत नाही.

कुंचल्याला टोक काढायला तो ओठांत धरायची माझी जुनी सवय. सगळा उन्हाळा रंग गोड लागत होता. मला वाटलं, काम मनासारखं होतंय, म्हणून.