दारातला पाव

आई, तुझ्या डॉक्टर लेकीचा बिश्केकहून नमस्कार.

मी बरी आहे, खोली उबदार आहे. तुझा गुडघा कसा आहे?

इथल्या प्रशिक्षणात आम्हाला शिकवणारे प्राध्यापक सापारबेक म्हणजे नुसता कोट आणि चष्मा. मधुमेही मुलांच्या घरच्यांना आधार कसा द्यावा, हे हा माणूस आम्हा डॉक्टरांना शिकवतो!

काल म्हणाले, "आयांना बजावा, जेवणाशिवाय पावाचा कणही नको."

मी विचारलं, "आणि निघताना शेजारीण दारात पाव पुढे धरते, तेव्हा? तुकडा न खाता निघणं म्हणजे तिचा अपमान."

"मुलाने नाही म्हणावं. त्यात काय एवढं?"

म्हणे त्यात काय एवढं! हा काय आभाळातून पडला?

संध्याकाळी एका मैत्रिणीने आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. प्राध्यापक घाईने निघून गाडीत बसलेसुद्धा. तिच्या सासूने पाव घेऊन हाक मारली, तसे मुकाट उतरले आणि तुकडा मोडून तोंडात घातला.

मी म्हटलं, "नाही म्हणायचं होतंत, सर."

त्यांनी घास गिळला आणि पुन्हा गाडीत जाऊन बसले.

आई, माझ्या लेकीच्या, बेगायिमच्या उशीखाली पावाचे वाळके तुकडे सापडले, असं लिहिलंस. चोरी नाही गं ती. मधुमेह निघाल्यापासून जेवणाशिवाय पाव खायचा नाही, असं मीच तिला बजावलंय. पोर तुकडा घेऊन शेजारणींचा मान राखते आणि तो न खाता माझा शब्दही. तिला सांग, तुकडा तिथेच खा. साखरेचं तुझी आई बघून घेईल.

तुझी,
जिबेक